फाट्यावरचा पंच

परळी सोडताना काळीपिवळी जीपमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, याचाच मला आनंद झाला होता. आदल्या संध्याकाळी वैजनाथाचं दर्शन झालं होतं आणि आता घाटनांदूरला एका जुन्या मित्राकडे मुक्काम करायचा बेत होता. वीजकेंद्राची राख रस्त्याकडेच्या बाभळींवर बसून पानं करडी झाली होती. थोडं पुढे गेल्यावर मात्र रंग बदलला. बालाघाटाचे बोडके माळ, सोयाबीनची रिकामी रानं, मधूनच पांढरा फुटलेला कापूस. दसरा होऊन गेला होता. सामानाने लादलेले ट्रॅक्टर ऊसतोडीला निघाले होते. चुली, गोधड्या, कोंबड्या आणि वर बसलेली माणसं.

एका फाट्यावर जीपचं चाक बसलं. फाट्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे का ते कळेलच. ड्रायव्हर म्हणाला, "ष्टेपनी बी पंक्चर हाय. चहापाणी करा निवांत."

हॉटेलच्या बाकड्यावर पांढरा फेटा बांधलेले एक गृहस्थ बसले होते. मी शेजारी टेकलो तसं त्यांनी फडकं सोडलं आणि दोन धपाटे (मिश्र पिठांची, तिखटमीठ घालून थापलेली भाकरी) माझ्यापुढे केले. "घ्या पाव्हणं. हितली भजी खाऊ नका, तेल लई जुनं हाय."

त्यांचं नाव भानुदास. गाव त्यांना आबा म्हणत होतं. जाणारायेणारा प्रत्येक जण त्यांना हात जोडत होता. देवळातल्या सप्ताहाची सगळी व्यवस्था तेच बघायचे. मुलाबद्दल बोलताना ते खुलले. "किरण पोलीस भरतीची तयारी करतोय. गेल्या खेपेला ग्राउंडात थोडक्यात गेला. औंदा वर्दी घालणार बघा."

समोर सरकारी लॉटरीची टपरी होती. तिकडे पाहत आबा म्हणाले, "आमचा आजा निजामाच्या पोलिसात जवान होता. तो सांगायचा, जत्रंत पत्त्याचा तंबू कोण लावणार याचा गुत्ता (ठेका) निघायचा. पैका सरकारात भरायचा आन् आजानं तंबूबाहीर पहारा द्यायचा. इंग्रजाच्या मुलखात त्याच खेळाला बेड्या. आजा म्हणायचा, वेशीच्या अलीकडं मी जुगाराची राखण करतो, पलीकडं असतो तर धरून नेला असता."

"आणि आता?"

"आता सरकार तिकिटं इकतंय. पत्ते मातर गुन्हा." ते हसले. मीही हसलो.

तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडकडे वळली. आरडाओरडा झाला. दोन-तीन जण उसातून पळताना दिसले. पंक्चर काढणारा धावत आला आणि हळूच म्हणाला, "आबा, किरण बी घावला आत."

आबांनी अर्धा धपाटा फडक्यात ठेवला, हात धुतले आणि घाई न करता शेडकडे चालत गेले.

जरा वेळाने एक शिपाई माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, गावातलं कुणी सही करत न्हाई. तुमी बाहेरचे हाव. पंच म्हणून धा मिनिटं या."

शेडमध्ये ताडपत्रीवर पत्ते विखुरले होते. तिघं मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या ओळीत, मांडी घालून, आबा. एक उंच, सडपातळ मुलगा भिंतीला टेकून उभा होता. तो किरण असणार. जमादार कागदावर लिहीत होते.

"आबा, परत इचारतो. तुमी तिर्रट (तीन पानी जुगार) खेळत होता?"

"व्हय. पोरगं मला बोलवायला आलतं. त्याला जाऊ द्या."

जमादारांनी पेन थांबवलं. किरणकडे पाहिलं, मग आबांकडे. त्यांना सगळं कळलं होतं. मी न राहवून म्हणालो, "अहो, हे तर आत्तापर्यंत माझ्याजवळ..."

"पाव्हणं," आबांनी माझं बोलणं तोडलं, "तुमी खाण्याच्या नादात होता. मी कवा उठलो तुमाला समजलं न्हाई."

आवाज मऊ होता, पण डोळे माझ्यावर रोखलेले. एक गुन्हा नावावर लागला की चारित्र्य पडताळणीत मुलाची भरती अडणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

जमादारांनी कागद पुढे केला. वर कायद्याचं नाव होतं, मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, अठराशे सत्त्याऐंशी. मी म्हणालो, "तेव्हा हे गाव मुंबई इलाख्यात नव्हतंच."

"निजामाचं होतं," जमादार म्हणाले. "इंग्रज गेला, निजाम गेला. केस मातर हाय. सही करता का?"

"खेळताना पाहिलं असं मी लिहून देणार नाही. मी आत आलो तेव्हा हे चौघे इथे बसले होते, एवढंच लिहा."

जमादारांनी तसं लिहिलं. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. मी सही केली.

बाहेर पडलो तोच, दाराबाहेर काढलेला किरण माझ्या अंगावरून पुन्हा आत शिरला. "सायेब, माझं नाव लिवा. आबानं आयुष्यात पत्त्याला हात लावला न्हाई!"

"ए, निघ बे हितनं!" जमादार ओरडले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्यांनी येवढं केलंय ते मातीत घालू नको. जा."

आबांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. पोलिसांच्या गाडीत चढताना त्यांचा फेटा दाराला लागून सुटला. तो त्यांनी तिथेच उभं राहून, सगळ्या फाट्यादेखत, पुन्हा नीट बांधला आणि मग आत बसले.

किरण रस्त्याकडेला उभाच होता. मी त्याला माझा फोन नंबर दिला. का दिला, सांगता येत नाही.

घाटनांदूरला मित्राने येसर आमटी (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची) हौसेने वाढली. मी जेवलो, पण गप्पांत लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीने लातूर आणि तिथून सांगली गाठली. त्या आठवड्यात आमच्या कॉलनीतल्या रविवारच्या रमीला गेलो. तिथेही पैसे लावतात, दोन निवृत्त अधिकारीही असतात, आणि दार उघडंच असतं. पानं हातात घेतली आणि खाली ठेवली. बायकोला वाटलं, प्रवासाचा शीण आहे.

कित्येक महिन्यांनी किरणचा फोन आला. त्याची निवड झाली होती, ट्रेनिंगला निघाला होता. मी अभिनंदन केलं आणि आबांचं विचारलं.

"कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरला. बरे हायेत. पर सप्ताहाचं काम सोडलं त्यांनी. कीर्तनात पहिल्या रांगंत बसायचे, आता मागं खांबाजवळ बसत्यात. लोक काय बी म्हणत न्हाईत, पर त्यांचे ते मागं सरकले. मी लई वेळा म्हणलं, गावाला खरं सांगतो. ते म्हणायचे, आदी नोकरी लागू दे."

"आता लागली की."

"तेच म्हणलं त्यांना. तर म्हणाले, येडा हायस का? आता तर अजिबात न्हाई."

एका सरकारने खेळाचा ठेका दिला, दुसऱ्याने त्याच खेळाला गुन्हा ठरवलं, आणि त्या दोघांच्या हिशेबात नसलेला एक माणूस खांबाजवळ जाऊन बसला. त्या कागदावर माझीही सही आहे.

"काका," किरण म्हणाला, "एक इचारू? उद्या मला तसल्याच धाडीला पाठवलं, तर मी काय करू?"

त्याच्या मागे गाडी सुटण्याची शिट्टी झाली. मी म्हणालो, "आत जाताना बूट जोरात वाजव."

तो हसला की रडला, फोनवर कळलं नाही.