नकाशेबाईंचा नापास नकाशा

शाळेत त्यांना सगळेच नकाशेबाई म्हणत. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं होतं.

भूगोलाच्या तासांवर बाईंचं भागत नसे. काखेत नकाशांच्या गुंडाळ्या आणि हातात सुतळीचा गुंडा घेऊन त्या खुशाल दुसऱ्यांच्या तासाला जाऊन उभ्या राहत. गणिताच्या तासाला पोरं सुतळीने व्हरांडा मोजून तो वहीच्या पानावर बसवत. इतिहासाच्या तासाला हरलेला राजा डोंगराकडे न पळता नदीकडे का पळाला, यावर भांडत. विज्ञानाच्या तासाला मुंग्यांची वाट खडूने आखत. भाषेच्या धड्यातल्या म्हाताऱ्याच्या घराचा नकाशा काढला, तेव्हा पोरांना शोध लागला, की लेखकाने विहीर एकदा घरापुढे लिहिली आहे आणि एकदा मागे. भाषेचे सर त्यावर आठवडाभर बाईंशी बोलले नाहीत.

"बाई, तास नेता तो नेता, निदान धड परत तरी करत जा," गणिताचे सर म्हणत. बाई हसत. मधल्या सुट्टीत मात्र शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर गुंडाळ्याच बसलेल्या असत. कोणी त्या उचला म्हणत नसे, आणि बाईही आपणहून उचलत नसत.

बाईंचा एक नियम होता आणि त्याबाबतीत त्या कोणाचंही ऐकत नसत. प्रत्येकाने शाळेपासून आपल्या घरापर्यंतचा नकाशा काढायचा. पत्ता लिहायचा नाही, घराचा नंबर तर नाहीच. मग ज्याने ते घर कधी पाहिलेलं नाही, त्याने तो नकाशा घेऊन निघायचं. वाटेत कोणाला विचारायची वेळ आली, की नकाशा नापास. भले त्यातली झाडं कितीही सुबक रंगवलेली असोत.

नमुना म्हणून बाई दरवर्षी स्वतःच्या घराचा नकाशा फळ्यावर काढत. कोपऱ्यावर लाकडाची वखार, पुढे निळ्या दाराचा शिंपी, मग डावीकडची तिसरी गल्ली, तोंडाशी चिंच, चिंचेपासून चौथं घर. हात असा सफाईने फिरे, की पोरं बघत राहत. मग सगळे आपापल्या घरांचे नकाशे काढायला लागत आणि बाईंचा नकाशा पुसला जाई. त्या घरी कोणी जावं, असं आजवर कोणाच्या मनात आलं नव्हतं.

या वर्षी ते एका ठेंगण्या मुलीच्या मनात आलं. "बाई, तुमचा नकाशा कोण तपासणार?" तिने विचारलं. वर्ग हसला. बाई खडू खाली ठेवत म्हणाल्या, "या की. रविवारी सकाळी या."

आई गेल्यापासून त्या घरात बाईंशिवाय कोणी जेवलं नव्हतं. धाकटी बहीण लांब राही, फोन करी, तोही तिच्या घाईत. रविवारी बाई पहाटेच उठल्या. केक केला, सरबत केलं, माळ्यावरच्या घडीच्या खुर्च्या काढून पुसल्या. चपला कुठे काढतील, याचाही विचार करून झाला. स्वतःच्याच घरात त्या पाहुण्यासारख्या अवघडून वावरत होत्या. पोरं येतील, हसतील, पाणी मागतील, एवढंच त्यांना हवं होतं. एवढं हवं असण्याची त्यांना थोडी लाजही वाटली.

दुपार झाली तरी कोणी आलं नाही. बाईंनी केक झाकून ठेवला. पोरांचं काय, सुट्टीच्या दिवशी बाईचं तोंड कोण बघतं, असं स्वतःला समजावलं. ते समजावणं काही गळी उतरलं नाही. संध्याकाळी त्यांनी खुर्च्या पुन्हा माळ्यावर टाकल्या.

सोमवारी ठेंगणी मुलगी दोघी मैत्रिणींसह टेबलापाशी आली. तिघींचे चेहरे पडलेले.

"बाई, रागावू नका. तुमचा नकाशा नापास आहे."

"म्हणजे तुम्ही आला होता?"

"हो तर! वखार नाहीच तिथे. वखारीच्या जागेवर नवी गल्ली झालीय, म्हणून तिसरी गल्ली चुकली. शिंप्याचं दुकानही नाही, तिथे मोबाइल दुरुस्त करतात. आणि चिंच तोडलीय बाई. नुसता बुंधा आहे."

बाई रोज त्याच वाटेने येत-जात. मान खाली, काखेत गुंडाळ्या. पोरांना डोळे उघडे ठेवा म्हणून कानीकपाळी ओरडणाऱ्या बाईंनी वखार पाडलेली पाहिली नव्हती. त्या आईबरोबर ज्या रस्त्याने चालत, तोच रस्ता फळ्यावर काढत होत्या.

"मग परत फिरलात?"

"नाही. बुंधा बघून तुमची गल्ली ओळखली. पण चौथं घर कोणत्या बाजूचं, ते नकाशावरून कळेना. नियम मोडला बाई, विचारलं." मुलगी घुटमळली. "कुंड्यांना पाणी घालणाऱ्या एक काकू होत्या. नकाशेबाई म्हटलं, शाळेतल्या बाई म्हटलं, उंच आहेत, चष्मा आहे, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अशा कोणी इथे राहत नाहीत."

कुंड्या बाईंच्या घरासमोरच होत्या. दार उघडलं की पहिल्या त्याच दिसत.

त्या दिवशी बाई कोणाच्याच तासाला गेल्या नाहीत. शाळा सुटल्यावर कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन निघाल्या आणि वाटेतलं एकेक बघत चालल्या. नवी गल्ली काढली, मोबाइलचं दुकान काढलं, बुंधा काढला. आपल्या गल्लीत शिरल्यावर पेन्सिल थांबली. घरं काढता येत होती, पण कोणत्या घरात कोण राहतं, हे एकाही चौकोनात लिहिता येईना. त्यांना एकदम रडू आलं, आणि ते त्यांनी भर रस्त्यात येऊ दिलं.

मग डोळे पुसून त्यांनी कुंड्यांवाल्या घराची बेल वाजवली.

"कोण पाहिजे?" काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"कोणी नाही. मी समोर राहते."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. "त्या घरात? अगंबाई, आम्हाला वाटायचं ते बंद असतं."

"नाही," नकाशेबाई म्हणाल्या, "मी असते."