पाय घसरला

नवीन जालन्यात स्टेशनजवळच्या एका धर्मशाळेच्या मागच्या खोलीत मी कारकून होते. सातवी पास, अक्षर बरं आणि तोंड फटकळ, एवढंच माझं भांडवल. जीव द्यायला निघालेल्या बायकांना माणसांत परत आणायचं, हे आमच्या मंडळाचं काम. ते सुरू केलं एका शेटजींनी. राजस्थानातून येऊन त्यांच्या घराण्याला चार पिढ्या झाल्या होत्या. घरची सून विहिरीत गेली तेव्हा त्यांनी ही खोली दिली, आणि त्यानंतर त्या सुनेचा विषय कधी काढला नाही. बाकीचे सभासद भाषणं करत. काम करायला आम्ही दोघीच, मी आणि पूर्वी सुईणपण करणारी एक मावशी.

माझ्या वहीत 'कारण' असा एक रकाना होता. जीव द्यायला जाणं तेव्हा गुन्हा होता आणि जमादार कधीही येऊन वही मागायचा. त्यामुळे घरचे लोक एकच सांगत, पाय घसरला. मी तेच लिहायची. आमच्या मुलखात पाय घसरायचे ते बायकांचेच. पुरुषाचा घसरल्याचं मी कधी ऐकलं नाही.

पण शेटजींचा एक नेम होता. जी बाई स्वतःच्या तोंडानं खरं सांगेल तिचं खरं लिहायचं, आणि मावशीनं आठ दिवसांत तिच्या घरी जायचं. पाय घसरलेल्यांकडे कोणी जात नसे. एकटी मावशी किती गावं फिरणार?

अंबडकडची ती बाई उन्हाळ्याच्या तोंडाला आली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी ताकीद दिली म्हणून दीर तिला आमच्याकडे घेऊन आला होता. वीस-एकवीस वर्षांची असेल.

"पानी काढून राह्यली होती, पाय घसरला," दीर म्हणाला. "तसंच लिवा बाई, जल्दी. मोटार निघून जाईल."

तिनं मान वर केली. "पाय न्हाई घसरला. मी आपल्या मनानं गेल्ते. आन् परत जाईन."

दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकड्यावर जमादार बशीत चहा ओतून पीत होता. मी घाबरले. तिला चौकीवर नेतील, असं मनात आलं. मी लिहिलं, 'पाय घसरला'. दिरानं वाकून वाचलं आणि 'बराबर' म्हणाला. तिला वाचता येत नव्हतं.

"लिहिलं का?" तिनं मला विचारलं.

"लिहिलं."

"मंग कोनी येईल?" आमचा नेम तिला दवाखान्यातच कळला होता.

"आठ दिवसांत," मी म्हणाले.

मावशी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. आली की तोंडी सांगू, असं मी ठरवलं. ती आली तेव्हा मंडळाची वार्षिक सभा तोंडावर होती आणि मी पत्रिका लिहिण्यात बुडाले होते. मावशीनं वही चाळली, जाण्यासारखं कोणी नाही म्हणाली, आणि मी मान हलवली. मी विसरले होते. हे लिहिताना आजही माझी मान खाली जाते.

सभेत चिटणिसांनी माझीच वही समोर धरून सांगितलं, की गेल्या महिन्यात जीव देण्याचा एकही प्रकार घडला नाही, सगळे अपघात. टाळ्या वाजल्या. मला अंबडकडची ती बाई आठवली. तिला जाऊन बावीस दिवस झाले होते. सभा सुटताच मी मावशीला सगळं सांगितलं.

दुसऱ्या सकाळच्या पहिल्या मोटारीनं आम्ही दोघी अंबडला उतरलो आणि तिथून चालत निघालो. गावाच्या तोंडाशीच विहीर होती. तिचा रहाट काढलेला, आणि तोंडावर बाभळीचे काटे रचलेले. घागर घेऊन जाणाऱ्या एका बाईला मावशीनं विचारलं.

"इथलं पानी बंद हाय," ती आमच्याकडे न बघता म्हणाली.

"कधीपासून?"

ती पदर ओढून निघून गेली. मावशीनं माझं मनगट धरलं, ते घरापर्यंत सोडलं नाही.

ओसरीत सासू ज्वारी पाखडत बसली होती. सुनेचं विचारल्यावर सूप न थांबवता म्हणाली, "हाय की. गोठ्यात."

गोठ्यात अंधार होता. ती खांबाला टेकून बसलेली, आणि तिच्या डाव्या पायाला बैलाचं दावं. घोट्याची कातडी सोललेली. मागून दीर आला.

"पाय घसरतो न्हवं तिचा," तो म्हणाला. "तुमच्याच वहीत हाय." तो थट्टा करत नव्हता.

मावशी खाली बसून गाठ सोडवू लागली. बाई माझ्याकडे बघत होती.

"तुमी तर लिहिल्तं," ती म्हणाली. "मंग कोनी आलं कसं न्हाई?"

मी तिला खरं सांगितलं, तिथंच, दिरासमोर. ती रडली नाही, रागावली नाही. दावं सुटल्यावर उठून मावशीच्या खांद्याला धरून चालू लागली. मावशीचा आवाज असा चढला होता, की तिला अडवायची दिराची छाती झाली नाही.

ती पुढं धर्मशाळेच्या स्वयंपाकघरात कामाला राहिली, बरीच वर्षं. चालताना डावा पाय किंचित ओढायची. खोलीत नवी बाई आली की पिठाच्या हातानं येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहायची, आणि मी टाक खाली ठेवला की म्हणायची, "काय लिहिलं, वाचून दावा."

मी वाचून दाखवायची. त्यानंतर एकदाही मी खोटं लिहिलं नाही, की खोटं वाचलं नाही. ती ऐकून घ्यायची, आणि मग तीच वही त्या नव्या बाईसमोर धरून तिला विचारायची, "तुला वाचता येतं का गं? बघ बरं, ह्या बाईनं खरं वाचलं का?"