कान दिसले पाहिजेत

इथं आखातात, आमच्या एगैला भागातल्या त्या फोटोग्राफरचं नाव मी कधी विचारलं नाही. लेक तान्ही असल्यापासून इकाम्यासाठी, म्हणजे इथल्या राहण्याच्या परवान्यासाठी, आम्हा तिघांचे फोटो तोच काढायचा. हैदराबादचा. चष्मा कपाळावर ठेवायचा आणि फोटोआधी प्रत्येकापुढं खिशातला कंगवा धरायचा. लेकीनं तो कंगवा कधी घेतला नाही, पण त्यानं धरायचं सोडलं नाही.

यंदा लेक बारावी झाली. शाळेच्या ग्रॅज्युएशनचे फोटो समुद्रावर काढायचे की मॉलमध्ये, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी "बीच इज सो कॉमन, बाबा," म्हणत तिनं त्याचाच स्टुडिओ निवडला. मला मनातून बरं वाटलं.

काळा गाऊन घालून ती स्टुलावर बसली. सवयीनं केस कानांमागं सारले, ओठ मिटले आणि कॅमेऱ्याकडे सरळ बघत राहिली. इतकी वर्षं तिला तसंच बसायला सांगितलं होतं. त्यानं कॅमेरा खाली घेतला.

"बेटा, ये इकामे का फोटो नहीं है. हँस सकती हो."

ती खळखळून हसली. तोच फोटो आता हॉलमध्ये लावलाय.

लेक पुण्याला कॉलेजात गेली. परवा इकाम्यासाठी आम्ही दोघंच त्याच्याकडे गेलो. बायकोचा फोटो झाला, माझा झाला. मग त्यानं सवयीनं तिसऱ्यांदा कंगवा पुढं केला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.