दोनदा उचललेला बेल-भंडारा

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्यातलं काही आठवून मला अशी लाज वाटत नाही. आणि गंमत म्हणजे या प्रकरणात शेवटपर्यंत गुन्हासुद्धा दाखल झाला नाही.

नव्वदच्या दशकातली ती शेवटची वर्षं. गडहिंग्लजच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. त्यांची नातवंडं आता मोबाईलवर सगळं वाचतात, उगाच कुणाच्या घरात जुनं भांडण नको.

सकाळची हजेरी नुकतीच झाली होती. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीत मागच्या पाळीचा कार्यभार लिहून घेत होता. तेवढ्यात एक वयस्कर किराणा दुकानदार आत आले. कपाळावर भस्माचे पट्टे, स्वच्छ धोतर, घरात कन्नड आणि गल्ल्यावर मराठी बोलणारा माणूस. सारं गाव त्यांना आप्पा म्हणायचं.

"साहेब, माझ्या लेकीला पळवलीया," ते म्हणाले.

"कुणी?"

"तिच्या नवऱ्यानं."

ठाणे अंमलदाराला हसू आवरेना. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि आप्पांना बसायला सांगितलं.

हकिकत अशी होती. ग्रामपंचायतीच्या सात जागा. तीन एका गटाने जिंकल्या, तीन दुसऱ्या गटाने. सातवी जागा बाईसाठी राखीव होती, तिथे आप्पांची लेक बिनविरोध आली. बिनविरोध का, तर तिला दिली होती गावातच. माहेर एका गटाचं, सासर दुसऱ्याचं. दोन्ही गटांना वाटलं, बाई आपलीच आहे, तिच्याविरुद्ध कशाला कुणाला उभं करायचं! आता सरपंच निवडायचा होता आणि तो सातही सदस्यांनी मिळून निवडायचा असे. म्हणजे सरपंच कुणाचा, हे या एका बाईच्या हातावर आलं. आणि बाई गावातून गायब.

"जावई म्हणतोय देवदर्शनाला गेलीया. कसलं देवदर्शन? सहलीला नेऊन डांबलीया तिला, हात वर करायच्या वक्ताला आणत्याल." आप्पांनी उपरण्याने डोळे पुसले. "साहेब, मत म्हंजे काय माझ्या दुकानातली गुळाची ढेप हाय काय, ज्यानं आधी उचलली त्याची? आज आमच्या गावात ह्यो कारभार, उद्या तालुक्यात. मग मुंबईत आनि दिल्लीत दुसरं काय व्हनार? झेंडावंदनाला उभं ऱ्हायाची लाज वाटती बगा मला."

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. मी मूळचा उचगावचा, कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. मतदानाच्या दिवशी वडील धुतलेला सदरा घालून जायचे, ते मी पाहिलेलं. शिवाय मी तापट. म्हटलं, आप्पा, तुमची लेक मी आणून देतो. असं बोलायचं नसतं, पण बोलून गेलो.

जावयाला चौकशीला बोलावलं. चांगला कमावता शेतकरी, अंगाने आडवा, बोलायला गोड.

"बायको कुठं आहे?"

"गणपतीपुळ्याला गेलीया की साहेब."

"कुणाबरोबर?"

"हे आपलं... गल्लीतल्या बायका हायत्या."

"त्यातल्या एकीचं नाव सांग."

तो पंख्याकडे बघायला लागला. खोटं बोलणारा माणूस पहिलं उत्तर घरून पाठ करून येतो, दुसरं त्याला तिथेच बनवावं लागतं. पुढच्या प्रश्नांना त्याने "साहेब, नवरा-बायकोतली गोष्ट हाय," एवढंच धरून ठेवलं. दरडावलं, समजावलं, चहा पाजला. काही उपयोग नाही. बाई सज्ञान, राजीखुशीने गेली असं नवराच सांगतोय, त्याला अडकवून तरी किती ठेवणार? शेवटी मी म्हटलं, "जा बाबा घरी." आणि आमच्या हवालदारांना डोळ्याने खूण केली. ते अंगावरचा गणवेश उतरवून, साध्या कपड्यात मागोमाग गेले.

घाबरलेला माणूस ठाण्यातून सुटला की आधी कुणाला तरी कळवतो. हा पठ्ठ्या सरळ एसटी स्टँडसमोरच्या टेलिफोन बूथवर गेला. बूथवाला कोल्हापुरी गळ्याचा. गर्दीत ओरडून त्याने पुकारा केला, "ओ पावणं, मलकापूर लागलं, घ्या!" जावई दातओठ खात आत शिरला. हवालदार हसत हसत परत आले.

मलकापूर म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, रत्नागिरीच्या वाटेवर. तिथल्या ठाण्याला वायरलेसवरून कळवलं, एक महिला शिपाई बरोबर घेतली आणि आम्ही जीपने निघालो. मलकापूरच्या पोलिसांनी तोवर जागा हेरून ठेवली होती. गावाबाहेर एका ठेकेदाराचा बंगला.

आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. पुढच्या ओसरीवर त्या गटाचे तिन्ही सदस्य पत्ते कुटत बसले होते. परसात चुलीवर तांबड्या रश्श्याचं पातेलं उकळत होतं. आम्हाला बघून त्यातला एकजण म्हणाला, "या साहेब, जेवूनच जावा आता!" इतके ते निर्धास्त होते.

बाई मागच्या पायरीवर बसली होती. पंचविशीची असेल. शिवभक्ताच्या घरची, गळ्यात लिंग, मटणाचा वाससुद्धा तिला सोसत नव्हता. घरून आणलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खात होती. जिच्या एका मतासाठी हा सगळा थाट, तिच्या जेवणाची आठवण त्या घरात कुणाला नव्हती.

"चला ताई, सुटका झाली तुमची," मी म्हटलं. जरा ऐटीतच म्हटलं.

तिने घास गिळून माझ्याकडे सरळ बघितलं. "कुटं न्हेताय?"

"तुमच्या वडिलांकडे. त्यांनीच तक्रार दिलीय."

"मग मी हितंच बरी हाय, साहेब."

मला वाटलं, धाकाने बोलतेय. महिला शिपायाला तिच्याजवळ बसवलं आणि मी जरा लांब उभा राहिलो. मग ती बोलायला लागली. निकाल लागला त्या दिवशी आप्पा तिला देवीच्या देवळात घेऊन गेले आणि आपल्या गटाला मत देईन म्हणून तिला बेल-भंडारा उचलायला लावला. आमच्याकडे बेल-भंडारा उचलणं, म्हणजे देवापुढचं बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन शब्द देणं, हे कोर्टातल्या शपथेपेक्षा मोठं. शब्द मोडला तर घराचं वाटोळं होतं, अशी माणसांची खात्री. दुसऱ्या दिवशी नवरा तिला त्याच देवळात घेऊन गेला.

"देवी तीच, भंडारा त्योच, पुजारी बी त्योच," ती म्हणाली. "ह्यांनी म्हटलं उचल. पुजाऱ्यानं काल बगितलं हुतं मला, पन त्यो बी गप्प. मी उचलला. आता हिकडं हात केला तर आप्पांचं घर बुडतंय, तिकडं केला तर माझ्या लेकरांचं. तुमी मला न्हेऊन काय करनार? ह्या गोठ्यातलं दावं सोडून त्या गोठ्यात बांदनार, व्हय का न्हाय?"

सकाळी ज्या आप्पांचं बोलणं ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, ते आप्पा लोकशाहीसाठी रडत नव्हते. आपलं मत दुसऱ्याने पळवलं म्हणून रडत होते. आणि त्यांचं रडणं पुसायला मी सरकारी जीप घेऊन अख्खा जिल्हा तुडवत आलो होतो. अंगावरच्या खाकीची लाज वाटली मला.

मग तिनेच विचारलं, "साहेब, कुनाला न दिसता मत देता येत न्हाय काय?"

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं निवडणुकांचा बंदोबस्त केला, पण सरपंचाच्या निवडीला हात वर करतात, एवढंच पाहिलेलं. मलकापूर ठाण्यातून तहसील कार्यालयातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याला फोन लावला. ते म्हणाले, एका सदस्याने जरी मागणी केली तरी चिठ्ठीवर गुप्त मतदान घ्यावं लागतं. मग आजवर कुणी मागितलं कसं नाही? ते हसले. "मागणार कोण? मागितलं की गटाशी बेइमानी करायचीय, असाच अर्थ होतो गावात."

बंगल्यावर परत येऊन मी ते तिला सांगितलं. तिने भाकरीचं फडकं बांधलं आणि जीपमध्ये येऊन बसली.

आमच्या ठाण्यात आप्पा आणि जावई दोघेही वाट बघत होते. मी विचारलं, "आप्पा, भंडारा तुम्हीही उचलायला लावला?"

"त्ये येगळं, साहेब. म्या बाप हाय."

"आनि म्या नवरा," जावई म्हणाला.

दोघांच्याही चेहऱ्यावर शरम म्हणून नव्हती, त्यांच्या वाटची मलाच वाटली. बाईने जबाबात सांगितलं, मला कुणी पळवलेलं नाही, आणि सभा होईपर्यंत मी दोन्हींपैकी कुठल्याच घरी जाणार नाही. महिला शिपाई तिला पोलीस लाईनीत आपल्या खोलीवर घेऊन गेली. तक्रार निकाली निघाली.

सभेच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर मी बंदोबस्ताला होतो. दोन्ही बाजूंना गुलालाची पोती तयार, हलगीवाले तयार. सभा चालवायला आलेल्या अध्यासी अधिकाऱ्यांनी दोन नावं वाचली आणि म्हणाले, हात वर करा. तेवढ्यात ती उभी राहिली.

"मला चिठ्ठीनं मत द्याचं हाय."

काय गोंधळ उडाला! कुणी टेबलावर मूठ आपटली, कुणी तिच्या बापाचा उद्धार केला, कुणी नवऱ्याचा. खिडकीबाहेरून आप्पा ओरडले, "अगं, भंडारा इसरलीस काय?" पलीकडच्या खिडकीतून जावई अगदी तेच ओरडला. ती तशीच उभी राहिली. पदर मुठीत घट्ट धरला होता, पण बसली नाही. नियम होता, अधिकाऱ्यांना चिठ्ठ्या वाटाव्याच लागल्या.

निकाल चार-तीन लागणार, अशीच सगळ्यांची समजूत. निकाल लागला पाच-दोन.

सगळ्यांनी पुन्हा पुन्हा बोटांवर हिशेब केला. मग कळलं. हरलेल्या गटातल्या कुणीतरी आपल्याच गटाविरुद्ध चिठ्ठी टाकली होती; बाई जिंकलेल्यांकडे गेली असेल तर एकाने, नाहीतर दोघांनी. भंडारा उचललेले, छातीठोक बोलणारे गडी! चिठ्ठी मागितली त्या बाईने, मोकळे झाले तेही. गद्दार कोण, यावर बाहेर बाचाबाची सुरू झाली, आणि बाईचं मत कुणाला पडलं, हे कुणालाच छातीवर हात ठेवून सांगता येईना. कुठला गट जिंकला, ते मीही इथे लिहीत नाही.

पुढे बदली झाली. काही वर्षांनी गडहिंग्लजच्या स्टँडवर आप्पा भेटले. थकले होते, काठी आली होती. प्रकृतीचं विचारून झालं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "साहेब, लेक अजून सांगंना झालीया बगा. जावयाला बी न्हाय. तुमास्नी तरी काय बोल्लीती काय?"

मी नाही म्हटलं. मनात त्यांना नावं ठेवायला गेलो, पण जमलं नाही. कारण सभा संपल्यावर त्याच दिवशी, ग्रामपंचायतीच्या पायऱ्या उतरताना मी तिला गाठलं होतं. आपण हिच्यासाठी एवढी धावपळ केली, आपल्याला तेवढा हक्क आहे, असं मला वाटत होतं. हसत हसत म्हणालो होतो, "ताई, आता आपल्यातलं सांगा, मत कुणाला दिलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मलकापूरच्या पायरीवर बघितलं होतं, तसंच.

"साहेब, सांगायचं असतं तर हात वर केला असता की."

निवृत्तीनंतर आता घरीच असतो. पेपर वाचतो, चार माणसांत बसलो की देशाचं कसं होणार म्हणून मीही तावातावाने बोलतो. मतदानाच्या दिवशी मात्र बायको केंद्रावरून येते, बोटाला शाई लागलेली असते, ती चहा टाकते. मी चहा पितो आणि काही विचारत नाही.