उपास नव्हता तो

"घास अडकतो, हे कधीपासून?" नागपूरच्या डॉक्टरांनी आईला विचारलं.

आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "नाताळ झाल्यापासून," ती म्हणाली.

ईस्टर होऊन गेला होता. ऊन तापायला लागलं होतं. मी तिची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले होते आणि हे पहिल्यांदा ऐकत होते. टेबलावर एंडोस्कोपीचा रिपोर्ट होता. एंडोस्कोपी म्हणजे कॅमेरा लावलेली बारीक नळी तोंडातून आत सोडून अन्ननलिका आणि पोट आतून बघतात. अन्ननलिकेत गाठ दिसली होती. तिचा तुकडा काढून तपासला, त्याला बायोप्सी म्हणतात, आणि त्यात कॅन्सर निघाला होता. वाट इतकी अरुंद झाली होती की कॅमेराही पुढे जाईना.

"मग इतके दिवस तुम्ही जेवत काय होता?"

"लेंटचे उपास होते न, डॉक्टरसाहेब," आई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून गेलेला नाही आणि पुढे जागोजागी दिसेल. गोड भाषेत लिहिलेलं काही हवं असेल तर दुसरीकडे वाचा.

माझी आई सुमनबाई सौंसरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. निवृत्त झाली, पण हात थांबले नाहीत. चर्चमधलं कोणी आजारी पडलं की मऊ खिचडीचा डबा घेऊन ही हजर. पास्टरसाहेब आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जात, तेव्हा बरोबर हीच. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी जेवायची, तेही ओट्याशी उभं राहून. ती काय खाते, किती खाते, हे घरात कोणी कधी पाहिलंच नाही. बाईमाणूस शेवटी जेवतं याचं आपल्याकडे केवढं कौतुक! मला त्या कौतुकाचाच संताप येतो.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे लेंट. आमच्याकडे बरेच जण दिवसभर काही खात नाहीत, संध्याकाळी प्रार्थना करून उपास सोडतात. आई दरवर्षी करायची. त्या वर्षी तिने संध्याकाळीही नुसती पेज घेतली. गालफडं बसली, चोळीच्या बाह्या ढिल्या झाल्या, आणि चर्चमधल्या बाया म्हणाल्या, "सुमनताई, चेहऱ्यावर काय तेज आलं व!" तेज! माणूस वाळत होतं आणि यांना तेज दिसत होतं.

मी पांढुर्ण्याला शाळेत शिकवते. रविवारी सौंसरला जायचे तेव्हा मीही तेच पाहायचे. संत्र्याची फोड ती नुसती चोखून चोथा टाकायची. विचारलं तर म्हणायची, "दातात अडकते." गावातल्या डॉक्टरकडे ती एकटीच जाऊन आली होती. त्याने गॅस आहे म्हणून गोळ्या दिल्या, त्या संपल्यावर पुन्हा त्याच दिल्या. आत बघावं असं काही त्याला सुचलं नाही.

मला फोन केला तो शेजारच्या कमलाबाईंनी. कमलाबाई दर शनिवारी जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जातात आणि येताना आईसाठी पेढा आणतात. आई चर्चवाली, पण शेजारणीचा पेढा तिने कधी नाकारला नाही. कमलाबाईंसमोरच तोंडात टाकायची.

"बाई, तुमचा तो उपास संपला न?" कमलाबाई फोनवर म्हणाल्या. "सण झाला न तुमचा? मंग तुही माय अजून पेजच काहून पिऊन राहिली? पेढा देला तं हातात धरून बसली. मी घरी आली तरी हातातच होता."

त्यांना लेंट माहीत नव्हता. म्हणूनच त्यांना न जेवणारी बाई दिसली. आम्हाला, सगळं माहीत असणाऱ्यांना, भक्तीण दिसत होती. दुसऱ्याच दिवशी मी आईला नागपूरच्या बसमध्ये बसवलं.

पुढे सीटी स्कॅन झाला. त्यात पोटाचे आडवे काप घेतल्यासारखे फोटो निघतात. आजार यकृतापर्यंत गेला होता. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "आता ऑपरेशनचा उपयोग नाही. सुरुवातीला आल्या असत्या, तर विचार करता आला असता." हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणाची अजून सुरुवातच असेल.

अन्ननलिकेत स्टेंट बसवला. स्टेंट म्हणजे जाळीची नळी, बंद होत चाललेली वाट उघडी ठेवायला. त्या नळीने आजार बरा होत नाही, फक्त पातळ अन्न खाली उतरतं. स्टेंट बसल्यावर आई वाटीभर वरणाचं पाणी प्यायली आणि डोळे मिटून बराच वेळ बसली. मला वाटलं, प्रार्थना करते आहे. ती म्हणाली, "हिंग कमी पडला व."

वॉर्डात शेजारच्या खाटेवर मोहगावची एक बाई होती. तिच्या नवऱ्यासाठी पोहे आण म्हणून आई माझ्या मागे लागली. मी भडकले. स्वतःच्या घशाखाली घास उतरत नाही आणि हिला लोकांच्या नवऱ्याची भूक!

"रागावू नको व बाई," आई म्हणाली. "मले नाही जात, त्याले तं जाते न."

मी पोहे आणले. आदळले म्हणा ना.

त्याच वॉर्डात एका दुपारी मी तिला विचारलं, सांगितलं का नाही? ती ओशाळली. "पहिले वाटलं दाताचंच आहे. मंग लेंट लागला अन् भूकच मेली. मले वाटलं, आता वय झालं माह्यं, तं देवानंच यंदा उपास सोपा करून देला." आणि मग हळू आवाजात, "मी तं त्याचे आभार मानून राहिली होती."

या एका गोष्टीसाठी मी कोणाला माफ करावं, तुम्हीच सांगा. आजार तिच्या घशात बसला होता आणि ती त्याला कृपा समजून हात जोडत होती.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात आई गेली. माती झाल्यावर घरी मार्थाकाकू माझ्याजवळ येऊन बसल्या. चर्चमध्ये आईच्या शेजारची जागा त्यांची. महिन्यातून एकदा आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीचा नखाएवढा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, एवढंच.

"सुमन तो तुकडा रुमालात बांधून ठेवे," काकू म्हणाल्या. "दोन-तीनदा पाहिलं मी. मले वाटलं, कोण्या आजाऱ्यासाठी नेऊन राहिली."

"काकू, मग विचारलं काहून नाही?"

"चांगल्या कामात काय विचारा लागते व?"

नखाएवढा तुकडा. तोही जात नव्हता. आणि शेजारी बसलेल्या बाईने पाहिलं, तरी तिला दया दिसली, आजार दिसला नाही. आई चांगली होती म्हणूनच कोणी तिची चौकशी केली नाही.

स्मरणसभेत पास्टरसाहेब म्हणाले, "आमच्या भगिनी शेवटपर्यंत उपास-प्रार्थनेत राहिल्या. एका शब्दाने तक्रार केली नाही." सगळ्यांनी आमेन म्हटलं. मी उठले. बोलायचा माझा नंबर नव्हता, पण उठले.

"उपास नव्हता तो," मी म्हणाले. "माझी आई उपाशी होती. तुम्ही तिची स्तुती करत होता. तिने तक्रार केली असती तर आज कदाचित ती इथे बसली असती, आणि तुम्हाला आमेन म्हणावं लागलं नसतं." मी खाली बसले. पास्टरसाहेबांनी गीत सुरू केलं.

तुमच्या घरातलं माणूस प्रत्येक घासामागे पाणी पीत असेल, पोळी कुस्करून वरणात बुडवत असेल, जेवताना ठसकत असेल, तर दाताचं किंवा गॅसचं म्हणून सोडू नका. डॉक्टरला स्पष्ट विचारा, एंडोस्कोपी करायची का? आणि उपास करणाऱ्याच्या ताटात बघा. वाईट दिसतं, तरी बघा.

यंदाच्या लेंटमध्ये मार्थाकाकू मला वाळल्यासारख्या वाटल्या. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्या पेजेची वाटी घेऊन बसल्या होत्या. मी वाटी बाजूला सरकवली आणि घरून नेलेली पोळी त्यांच्या ताटात ठेवली. कोरडी.

"खा. माझ्यासमोर."

"पागल झाली काय व? उपास आहे माहा."

"सुटला तो. खा."

काकूंनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग एक मोठा घास मोडला, चावला आणि गिळला. पाणी घेतलं नाही. लहान लेकरासारखं तोंड उघडून मला दाखवलं.

"गेला. पाह्यलं? तुही माय किती गरीब होती, अन् तू कोणावर गेली व!"

असं बोलणं ऐकून माझा जीव कधीच इतका निवला नव्हता. मी दुसरी पोळी वाढली.