अर्ध्या ग्राउंडचे भोयर सर

गाडी कितीही झाडली तरी सीटच्या फटीत धानाचे दोन-चार दाणे राहतातच. भोयर सरांचे किस्से माझ्याकडे तसेच राहून गेले आहेत. सर आमच्या गावच्या कॉलेजात बास्केटबॉलचे कोच होते. टीम घेऊन स्पर्धेला निघाले की माझीच क्रूझर सांगायचे. पोट्टे मागे, सर पुढे माझ्या बाजूला. मी नववीतच शाळा सोडलेली, त्यात बोलायला लाजतो. सर म्हणायचे, "गजू, तू मधात बोलत नाईस, म्हनून तुले सांगतो!"

सरांचं मागणं मोठं नव्हतं. आमच्या भागातल्या कॉलेजांची स्पर्धा होते, तिला झोन म्हणतात. झोन जिंकणारी टीम पुढे विद्यापीठाच्या मोठ्या स्पर्धेला जाते. सरांना एकदा तरी आपली टीम तिथे न्यायची होती. एकदाच!

\*

सर नवीन लागले तेव्हा कॉलेजचं सिमेंटचं ग्राउंड नुकतंच झालं होतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडच्या आमच्या पट्ट्यात एवढी मोठी सपाट जागा दुसरी नव्हती. दिवाळीची सुट्टी संपली, सर सकाळी बॉल घेऊन आले, तर ग्राउंड पिवळं! या रिंगीपासून त्या रिंगीपर्यंत धान वाळत घातलेलं आणि एक बाई पायाने ते खालीवर करत फिरतेय. ती माझी आई, बयनाबाई.

सर तेव्हा पुस्तकी बोलायचे. "बाई, हे खेळायचं ग्राउंड आहे!"

"खेला ना जी. आमी कुठी नाई म्हनतो?"

"कुठे खेळू? स्पर्धा तोंडावर आली आहे!"

"सर, तुमचा चेंडू भिजला त पुसता येते. माहा धान भिजला त पोट्ट्यायले काय चेंडू रांधून घालू?"

सरांना हसू आलं. त्यांनी चुना आणला आणि ग्राउंडच्या बरोबर मधून जाड लाइन ओढली. "अलीकडचं आमचं, पलीकडचं तुमचं."

धान कापायचा आणि झोनचा हंगाम एकच. म्हणजे ऐन तयारीच्या दिवसांत टीमला अर्धंच ग्राउंड! हा किस्सा सांगून झाला की सर काचेबाहेर पाहायचे आणि म्हणायचे, "मले वाटलं, एका सालाची गोष्ट आहे."

\*

पलीकडच्या रिंगीच्या खांबाला आई लुगड्याचा झुला बांधायची. झुल्यात मी. मी उठलो की आईचं काम थांबायचं, म्हणून तिने पोट्ट्यांना ताकीद दिली होती, "खेला, पन बोंबलू नोका!"

पोट्टे गुपचूप खेळायला लागले. सवयच लागली. चंद्रपूरच्या मॅचमध्ये समोरची टीम घसा फाडून ओरडतेय आणि आमचा पोट्टा दुसऱ्याच्या कानाशी जाऊन म्हणतोय, "पास दे ना बे." दुसऱ्याला ऐकूच येईना! सर बाहेरून बोंबलले, "ओरडा! कोनी झोपून नाई इथी!"

ती मॅच टीम हरली. पुढे मी गाडी चालवायला लागलो तेव्हा सर मला म्हणाले, "तू बोलत नाईस, त्याचं कारन मीच आहो. लहानपनी सगळे तुह्याजवळ हळूच बोलले."

\*

रिंगींच्या जाळ्या फाटल्या होत्या. सरांनी प्राचार्यांकडे दोन जाळ्या मागितल्या. प्राचार्यांनी एकच दिली.

सर म्हणाले, "रिंगी दोन आहेत."

"दुसरीकडे तर धान घेऊन बाया बसतात!"

\*

एका साली टीम खरंच चांगली होती. कुरखेड्याला मॅच होती, सकाळी अंधारातच निघालो. आरमोरीच्या पुढे जंगलात रस्त्याच्या मधोमध वाघ बसलेला. मी गाडी थांबवली. मागे पोट्टे एकमेकांच्या मांडीवर! वाघाला काही घाई नव्हती. त्याने आळस दिला, पंजा चाटला, पुन्हा बसला.

पोचलो तेव्हा मॅच समोरच्या टीमला देऊन टाकली होती. सर हात जोडून म्हणाले, "साहेब, रस्त्यात वाघ होता."

स्पर्धेवाले हसले. "सर, उशीर झाला की या जिल्ह्यात सगळ्यांनाच वाघ दिसते!"

परत येताना त्या वळणावर मी गाडी हळू केली. वाघ गेला होता. सरांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पंक्चर सांगाले पाह्यजे होतं रे."

\*

आता माजरीचा किस्सा. हा सर स्वतः कधी सांगत नसत. मी तिथे होतो म्हणून सांगतो.

टीममध्ये नैताम नावाचा पोट्टा होता. उंच, हाडकुळा, हरणासारखा पळायचा. आमच्याकडे कामाशिवाय धानाला पाय लागला की वाकून त्याला हात लावतात आणि तो कपाळाला नेतात. प्रॅक्टिसमध्ये बॉल धानात गेला की नैतामच आणायचा, आणि दर वेळी नमस्कार करायचा. हळूहळू सगळ्याच पोट्ट्यांचे पाय मधल्या लाइनीवर आपोआप थबकायला लागले. बाहेर मॅचला गेलो की पहिली काही मिनिटं ते लाइन ओलांडताना चिखलातून चालल्यासारखे पाय उचलायचे. लोक हसायचे. सर ओरडायचे, "पळा बे, खाली सिमेंट आहे!"

त्या साली आम्ही झोनच्या फायनलला पोचलो. माजरीच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतलं ग्राउंड, समोर तिथलीच टीम. शेवटचे काही सेकंद, आम्ही एका पॉइंटने मागे. आणि नैतामने त्यांच्या हातातला बॉल काढून घेतला! पुढे सगळं ग्राउंड मोकळं. एकही माणूस नाही. सर उभे राहिले. मीसुद्धा उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर ओरडलो, "पळ!"

नैताम मधल्या लाइनीपर्यंत आला. त्याचा पाय थबकला. बॉल त्याने दोन्ही हातांत धरला. एक क्षणच. मग पुन्हा टप्पा मारून पळाला. पण एकदा धरलेला बॉल पुन्हा टप्पा मारून नेता येत नाही. शिट्टी वाजली. बॉल त्यांचा. मॅच त्यांची.

परत निघालो. भद्रावती मागे गेली तसा मागून नैतामचा रडका आवाज आला, "सर, मले तिकडं धान दिसला."

सरांनी मागे वळून पाहिलं नाही.

"मले बी दिसला," ते म्हणाले.

\*

हे मी आईला सांगितलं. ती जेवता जेवता थांबली. पुढच्या साली कापणी झाल्यावर तिने बाकीच्या बायांना गोळा केलं, आणि सगळ्यांनी धान गावाबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला नेलं. मग आई सरांकडे गेली.

"सर, यंदा पूरा ग्राउंड घ्या."

सरांच्या नोकरीचं ते शेवटचं साल होतं. दुसऱ्या दिवशी सर पहाटेच आले, त्यांनी पूर्ण ग्राउंड झाडलं, दुसऱ्या रिंगीला स्वतः आणलेली जाळी लावली आणि पोट्ट्यांची वाट पाहत बसले. पोट्टे आले. सगळे ग्राउंडच्या बाहेरून गोल गोल पळायला लागले.

"अबे, आत या ना! पूरा ग्राउंड आहे आज!"

एक जण पळता पळताच म्हणाला, "सर, पोलीस भरतीची तयारी करून राह्यलो. भरतीत बास्केटबॉल नाई ना!"

त्या साली सरांची टीम उभीच राहिली नाही.

\*

सर रिटायर झाले आणि घरचं धान स्वतः करायला लागले. मी क्रूझर विकून पिकअप घेतला आहे. यंदा त्यांची पोती मीच आणली.

"कुठी उतरवू, सर?"

"कॉलेजात ने."

ग्राउंडवर कोणीच नव्हतं. कॉलेजात आता कोचही नाही. आई मदतीला आली होती. आम्ही पूर्वीच्या धानाच्या अर्ध्यात पोती सोडली, सर फावड्याने धान पसरत गेले आणि मध्यावर येऊन थांबले. चुन्याची लाइन केव्हाच पुसली होती. अर्धी पोती अजून भरलेलीच होती आणि इकडे धानाचा थर घोट्याएवढा झाला होता.

आई म्हणाली, "सर, असा त वाळनार नाई. तिकडं बी पसरवा ना. कोन खेलते आता?"

सर खाली बसले. थोडे दाणे खेळायच्या अर्ध्यात सांडले होते. ते त्यांनी तळहाताने मागे ओढले, हात कपाळाला लावला आणि म्हणाले, "राहू दे बाई, तेवढा मोकळा."