खांड नसताना दिलेली हाळी

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि राग मानू नका, पण बहुतेक वेळा चहा पिता पिता हसत वाचते. रोह्याच्या एका शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. रस्त्यातली लिंबू-मिरची मुद्दाम ओलांडून जाणारी, मांजर आडवं गेलं तर त्यालाच हटकणारी बाई मी. तेव्हा मी इथे लिहायला बसावं याचं मलाच नवल वाटतंय. माझ्या गोष्टीत रात्र नाही, पांढरी साडी नाही, बंद पडलेला बंगला नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात, दहा-बारा शहाण्यासुरत्या माणसांच्या देखत घडलेली गोष्ट आहे. काय घडलं ते मी सांगू शकते. कसं घडलं ते विचारू नका.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा अष्टमी गावात राहायचो, रोह्याहून पूल ओलांडला की लागतं ते. माझे यजमान सुधीरराव धाटावच्या एका कंपनीत मेंटेनन्सला होते. कंपनीतली मशिनं दुरुस्त करूनही हात शिवशिवायचे थांबत नसत म्हणून की काय, त्यांनी लिलावातून मिलिटरीचा एक जुना ट्रक आणला. छोटाच, पण वजनाला हत्ती. मग दोन वर्षं शिफ्ट संपली की ट्रक, आणि सुट्टी आली की ट्रक. त्यात त्यांनी घडीचा पलंग बसवला, स्टोव्हला कप्पा केला, टपावर पाण्याची टाकी चढवली. शेजारी त्याला ‘रथ’ म्हणायचे. मी काय म्हणायचे ते लिहीत नाही.

तर असं वेड असणारी माणसं महाराष्ट्रात आणखीही होती, आणि ती पोस्टकार्डं टाकून एकमेकांना धरून होती. पुण्याचे देवधर, ठाण्याचा शिरीष आणि त्याची बायको, असे जुन्या जीपा घेऊन कुठेतरी शनिवार-रविवार जमायचे. गाडीतच झोपायचं, गाडीतच रांधायचं, आणि रात्रभर गिअरबॉक्सवर बोलायचं. आता याला इंग्रजीत मोठी मोठी नावं आहेत. तेव्हा आम्ही नुसतं ‘मीट’ म्हणायचो.

त्या वर्षी माघातली मीट आमच्या भागात ठरली. देवधर आठवडाभर आधी येऊन जागा बघून गेले. कासू गावाच्या खाली, खाडीच्या अंगाला, खारेपाटात. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून खाडीलगत मातीचा लांबच लांब बांध घातलेला असतो. देवधरांनी निवडली ती जागा बांधाच्या बाहेर, खाडीच्या बाजूची मोकळी पट्टी. जमीन टणक, वाळून भेगाळलेली, समोर तिवरं आणि पाणी. “ताई, असं ग्राउंड पुण्यात पैसे देऊन मिळणार नाही,” म्हणाले.

आता मी मूळची खारेपाटातलीच. वडिलांनी पेणला नोकरी धरली म्हणून आम्ही तिथे गेलो, पण माझं लहानपण अशाच एका गावात, अशाच एका बांधाच्या आत गेलेलं. शनिवारी सकाळी निडी, नागोठणं मागे टाकून आम्ही तिथे पोचलो, आणि जागा पाहिल्या पाहिल्या मी म्हटलं, “अहो, आज पुनव आहे. उधाण असणार. दुपारी पाणी इथवर येईल.”

सुधीररावांनी बुटाच्या टाचेनं जमीन ठोकून दाखवली. “भेगा बघ. इथे पाणी येतं असं वाटतंय?”

देवधर आले होते अष्टमी-नवमीच्या सुमाराला. तेव्हा भरती अर्ध्यावरूनच परत फिरते. कोरडी जमीन पाहायला तेवढे चारच दिवस असतात, आणि यांनी नेमके तेच गाठले होते. पण एवढी शिकलेली माणसं नकाशे पसरून उभी असताना स्वयंपाकाच्या पिशव्या उतरवणाऱ्या बाईचं कोण ऐकतं. मीही नाद सोडला आणि पोह्यांना कांदा चिरायला घेतला.

पाणी आलं ते आवाज न करता. आधी भेगा ओल्या झाल्या, मग चकाकल्या. “अरे, जीपा काढा,” कोणीतरी म्हणालं. बांधावर चढायला बैलगाडीची जुनी उतरण होती. हलक्या जीपा तिथून भराभर वर गेल्या. आमचा रथ मात्र दोन हात पुढे सरकला आणि मागच्या चाकानं जमिनीचा कडक पापुद्रा फोडून खाली बसला. खाली नुसता काळा लोण्यासारखा चिखल.

सुधीरराव मेंटेनन्सचे. त्यांनी फळी टाकली, फळीवर जॅक लावला, मागचा भाग उचलला आणि आणखी एक फळी सरकवायला स्वतः आत शिरले. मी “नका” म्हणेपर्यंत शिरलेसुद्धा. चिखलात फळी कलली, जॅक आडवा झाला आणि ट्रक हलकेच, अगदी सावकाश, त्यांच्या पायावर बसला.

ते ओरडले नाहीत. “पाय अडकलाय,” एवढंच म्हणाले. गुडघ्याखालचा पाय अॅक्सल आणि फळी यांच्यामध्ये होता. खाली चिखल होता म्हणून चुरा झाला नाही, पण निघतही नव्हता. जीपला दोर बांधून ओढावं तर ट्रक पायावरून गेला असता. जॅक चिखलात कुठे गेला कळेना. उरला एकच उपाय, खांद्यांनी उचलायचा. सगळ्यांनी उचलला. बोटभर वर आला आणि दम संपल्यावर पुन्हा खाली, आधीपेक्षा जरा जास्तच. वर आल्यावर खाली जे काही सरकवावं, दगड, डबे, जीपांचे जॅक, शिरीषच्या जीपची स्टेपनी, ते सगळं चिखल गिळत होता.

आणि पाणी वाढत होतं. बसलेल्या माणसाच्या कमरेला होतं ते पोटाला आलं, मग छातीला. त्यांचं डोकं मी धरून होते. त्यांनी मला हळूच सांगितलं, “पॉलिसीचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत.” त्या माणसाला तशा वेळी हे सुचलं. मला इतका राग आला की मी त्यांचं डोकं शिरीषच्या बायकोच्या हातात दिलं आणि उठून बांधावर पळाले.

गाव लांब होतं, शेतांच्या पलीकडे. पळत जाऊन माणसं आणेपर्यंत पाणी थांबणार नव्हतं. मी लहानपणी पाहिलेलं एकच आठवलं. बांधाला भगदाड पडलं की त्याला आमच्याकडे ‘खांड गेली’ म्हणतात. ज्याला ती दिसेल त्यानं बांधावर उभं राहून हाळी द्यायची. ज्याच्या कानावर ती पडेल त्यानं हातातलं काम टाकून, जेवता जेवता असेल तर तसंच खरकट्या हातानं, पेंढा घेऊन यायचं. भांडण असलं तरी यायचं. आणि खांड नसताना ती हाळी कधीच द्यायची नाही. पोरांनी थट्टेत दिली तरी मार बसायचा.

मी तोंडाभोवती हात धरले आणि शाळेतल्या पोरांवर कधी चढवला नसेल असा आवाज चढवला. “खांड गेली होऽऽ... खांड गेलीऽऽ...”

शेतात कुणी हललं नाही. गावातून धूरसुद्धा दिसत नव्हता. मी परत खाली पळाले. पाणी सुधीररावांच्या हनुवटीला लागलं होतं. सगळे पुन्हा खांदा लावत होते, त्यात मीही घुसले. पाणी गढूळ, डोळ्यांत घाम, नाकाशी ट्रकचा पत्रा. बाकी काही दिसत नव्हतं. पण एक मला पक्कं आठवतं... माझ्या दोन्ही बाजूंना दाटी होती. खांद्याला खांदा, जत्रेत असते तशी दाटी. ओल्या पेंढ्याचा वास येत होता. त्या क्षणी त्यात काही विशेष वाटलं नाही. वाटलं, आले सगळे.

ट्रक बोटभर वर आला. दम संपला, सगळे ढिले पडले. आणि ट्रक खाली बसला नाही.

“धरा, धरा,” देवधर म्हणत होते. धरायला काही नव्हतंच. वजनच नव्हतं खांद्यावर. सुधीररावांनी पाय ओढून घेतला, शिरीषनं त्यांना काखेत धरून बाहेर काढलं आणि आम्ही त्यांना उतरणीवरून बांधावर आणून निजवलं. मी आजूबाजूला पाहिलं. आम्ही होतो तेवढेच होतो. जिथे मला दाटी लागली होती, तिथे माझ्या डावीकडे तर ट्रकची कडच संपत होती. पुढे पाणी.

पाय मोडला होता. देवधरांनी नकाशाच्या लाकडी पट्ट्या लावून तो बांधला. आणि मग सुधीरराव मला म्हणाले, “तू खाली कशाला शिरलीस? दोघंही गेलो असतो.”

मी म्हटलं, मी नव्हते शिरले. कोणीच नव्हतं शिरलं.

“हात होते खाली,” ते म्हणाले. मशिनचा रिपोर्ट द्यावा तसं बोलत होते. “चार-पाच जणांचे तरी. माझा पाय एका बाजूला धरून चाकाखाली काहीतरी भरत होते. घाई नव्हती त्या हातांना.”

मी त्यांना लगेच जीपमधून रोह्याला डॉक्टरांकडे नेलं. त्यामुळे पुढचं मी त्यांना तिथे ठेवून तिन्हीसांजेला परत आल्यावर पाहिलं. पाणी ओसरलं होतं आणि ट्रक तसाच, सरळ उभा होता. देवधर आणि बाकीचे त्याच्याभोवती उभे होते. मागच्या चाकाखाली आणि अॅक्सलखाली भराव होता. चिखलाच्या कापून काढलेल्या ढेपा, त्यावर पेंढ्याचा थर, परत ढेपा, परत पेंढा, सांध्यावर सांधा न येऊ देता, कडेनं चोपून घेतलेला. खांड अशीच भरतात. माझ्या वडिलांना मी असंच भरताना पाहिलं आहे. पेंढा आतून अजून पिवळा होता. आमच्यापैकी कुणाकडे काडीभर पेंढा नव्हता, आणि असा भराव घालायला जाणत्या माणसांनाही अर्धा दिवस लागतो.

गावातली माणसं तेवढ्यात टेम्पोनं परत आली. आख्खं गाव खाडीपलीकडे लग्नाला गेलं होतं. गर्दी बघून एक हिरूबाई म्हणून म्हातारी बांधावरून खाली उतरली. मी तिला विचारलं, दुपारी गावात कोण होतं?

“कोन असनार गो? कुत्रीं होती.” मग तिनं वाकून भरावाला हात लावला. बराच वेळ लावून राहिली. “ह्यो आमच्यातल्या कुनाचा नाय. आता असा कोन भरतो? आता गोनी टाकतात नि मोकले होतात.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “मानूस वाचला ना तुजा? मग झाला. चल, चाय घे.”

तुम्हाला आता वाटत असेल की माझे वडील गेलेले होते आणि तेच आले होते. तशी सोय नाही. बाबा त्या वेळी पेणला घरी पेपर वाचत बसले होते. रविवारी सुधीररावांना घेऊन मी पेणला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी पेपरची घडी केली आणि आधी रागावले.

“खांड नसताना खांडीची हाळी दिलीस?”

“दुसरी हाळी मला येत नव्हती, बाबा.”

त्यांनी चष्मा काढून पेपरवर ठेवला. मग म्हणाले, “आलेल्यांना गूळपाणी दिलंस का?”

“कोण आलं होतं तेच माहीत नाही.”

“हाळीला आलेल्याला नाव इचारत नाय गो. गूळपाणी देतात. तुला शिकवला नाय काय मी?”

खरंच, गूळपाणी राहिलंच होतं. ज्यानं हाळी दिली त्यानं काम झाल्यावर सगळ्यांना गूळ आणि पाणी द्यायचं, ही पद्धत. मी पेणच्या बाजारातून गुळाची ढेप घेतली. सुधीरराव प्लॅस्टर घातलेला पाय घेऊन जीपमध्ये चढून बसले, मी नको म्हणत असताना. बांधावर मी कळशी ठेवली, केळीच्या पानावर गूळ ठेवला आणि काय बोलावं ते न सुचून मोठ्यानं म्हटलं, “उपकार झाले तुमचे.” पुढे काही झालं नाही. वारा होता. गुळाला मुंग्या आल्या. पण मी तिथे बसून इतकी रडले की आदल्या दिवशीचं सगळं तेव्हा बाहेर आलं, आणि सुधीरराव माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते, एका पायावर.

देवधरांनी मागून एक तर्क मांडला, की ट्रकखाली जुन्या बांधाचा अवशेष असावा. मी विचारलं, मग आधी रुतला कसा? आणि पेंढा पिवळा कसा? त्यांनी भरावाचा फोटोही काढला होता. तो अजून आहे. कुणालाही दाखवला तरी त्याला चिखलाचा फोटो दिसतो. देवधर स्वतः देवाला हात न जोडणारे, पण पुढच्या प्रत्येक मीटला गूळ तेच आणायचे. विचारलं की म्हणायचे, उन्हात साखर लागते शरीराला.

मी पुष्कळ विचार केला. तहान, भीती, भास, सगळं लावून पाहिलं. एकेका गोष्टीला उत्तर मिळतं, सगळ्याला मिळून मिळत नाही. विज्ञानाच्या बाईला हे लिहायला जड जातं, पण नाही मिळत. आभार मात्र मी रोज मानते, नाव न विचारता.

सुधीरराव आता पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेत. पावसाळा आला की तो पाय ठणकतो आणि ते दिवसभर कुरकुरतात. मी तेल कोमट करून चोळायला बसते. परवाही बसले होते. डोळे मिटून म्हणाले, “हळू गं. त्या हातांना घाई नव्हती.”

मी हळू चोळते.